एस्तेरबाईंनी शिवलेला पडदा

एस्तेरबाई मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी माझा कोट उलटा केला. कोट माझ्या अंगावर होता.

साकीनाक्याच्या मागच्या एका गल्लीत, लेथच्या कारखान्यावरच्या मजल्यावर आमची मराठी ख्रिस्ती मंडळी जमते. तिथे माझं पहिलं व्याख्यान झालं तो दिवस. लोक येऊन हात मिळवत होते, “सलाम सर, छान बोललात,” म्हणत होते, आणि मी मान किंचित तिरकी करून ते नम्रपणे स्वीकारत होतो. हा नम्रपणा मी आरशासमोर बसवलेला आहे. तेवढ्यात एक सडपातळ, सावळ्या बाई पुढे आल्या. पदराला चार टाचण्या टोचलेल्या. त्यांनी माझ्या कोटाची कड दोन बोटांत धरली, अंगठ्याने चोळली आणि म्हणाल्या, “उलट बाजू बघू.” मी काही बोलायच्या आत अस्तर बाहेर आलं होतं.

“शिवलेला नाही हा, आतून चिकटवलेला आहे. दोन धुण्यांत छातीवर फुगे येतील बघा.”

“आणि व्याख्यान कसं वाटलं?” मी विषय बदलला.

“सुलट बाजूनं बरं होतं,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

फुगे पहिल्याच धुण्यात आले.

एस्तेरबाई मूळच्या जालन्याकडच्या. साकीनाक्यातल्या एका एक्स्पोर्टच्या युनिटमध्ये त्यांनी अठरा वर्षं शर्टांच्या कॉलर शिवल्या. ते युनिट बंद पडल्यावर एका झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीशी मशीन टाकलं आणि पिको, फॉल, चेन बदलणं, पँट आखूड करणं सुरू केलं. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. अजूनही दुकानात शर्ट घेताना मी आधी तो उलटा करतो आणि दुकानदार माझ्याकडे संशयाने बघतो.

“सुलट बाजू कोणीही छान करतं सर. उलट बाजू दाखवा,” हे त्यांचं नेहमीचं बोलणं. साडी असो, कोणाच्या मुलीला सांगून आलेलं स्थळ असो, निवडणुकीचं पत्रक असो की माझं प्रवचन, सगळ्यांना एकच माप. पत्रकाची तर त्यांनी खरोखरच मागची बाजू पाहिली होती. ती कोरी होती. “बघा,” त्या म्हणाल्या होत्या.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय त्यांचं मोठेपण नीट कळणार नाही. मी विमा कचेरीत नोकरी करतो. धर्मशास्त्राचा एक कोर्स पत्राने पूर्ण केलाय आणि तो पत्राने केला हे शक्यतो सांगत नाही. मंडळीत मला ‘सर’ म्हणतात. तसं कोणी ठरवलं नव्हतं. सुरुवातीला कोणी नावाने हाक मारली की मी जरा उशिरा वळायचो, एवढंच. शिवाय मी मंडळीचा सेक्रेटरी आहे. माझं अक्षर फार सुंदर आहे, हे मला आणि आता तुम्हालाही माहीत आहे.

चार वर्षांपूर्वी मी मंगळवारच्या शास्त्राभ्यासात निवासमंडपावर तेरा व्याख्यानं दिली. निवासमंडप म्हणजे इस्राएल लोक रानातून फिरत असताना त्यांनी देवासाठी उभारलेला तंबू. भोवती अंगण, अंगणाला एकच दार. आत शिरलं की बळी द्यायची वेदी, मग हातपाय धुवायचं गंगाळ. तंबूच्या आत दिवे, भाकरी, धूप. आणि सगळ्यांत आत एक जाड पडदा. पडद्यामागे परमपवित्रस्थान. तिथे फक्त मुख्य याजकाने, म्हणजे मुख्य पुरोहिताने, जायचं, तेही वर्षातून एकदा, बळीचं रक्त घेऊन. बाकी सगळ्यांनी पडद्याच्या अलीकडे. आम्ही ख्रिस्ती माणसं त्या तंबूत ख्रिस्त बघतो. एकच दार म्हणजे तो. बळी म्हणजे तो. दिवा तो, भाकर तो. आणि वधस्तंभावर त्याने प्राण सोडला तेव्हा, पुढे तंबूच्या जागी बांधलेल्या मंदिरातला तो पडदा वरून खालपर्यंत फाटला. म्हणजे देवाकडे जायची वाट सगळ्यांना मोकळी झाली. आमच्या विश्वासाचा गाभाच तो.

हे सगळं तीन मंगळवारांत सांगून होतं. मला तेरा हवे होते. मग मी खुंट्यांत शिरलो. तंबूच्या खुंट्या अर्ध्या जमिनीत आणि अर्ध्या वर, म्हणजे मरण आणि पुनरुत्थान! हे वाक्य मी दोनदा म्हटलं होतं. दोऱ्यांचा अर्थ लावला, कड्यांचा लावला, बोकडाच्या केसांच्या पडद्यांचा लावला. नवव्या मंगळवारी पाळकसाहेबांना डुलकी लागली होती. ते डोळे मिटून प्रार्थना करतायत असं मी धरून चाललो.

एस्तेरबाई शेवटच्या बाकावर बसून सगळं ऐकायच्या आणि त्यांना भलतंच काहीतरी दिसायचं. “सर, बोकडाचे केस कातणं सोपं नाही हो. बोटं सोलून निघत असतील. त्या बायांची नावं दिलीयत का कुठे?” नव्हती दिलेली. याजकाच्या झग्याच्या गळ्याला फाटू नये म्हणून विणलेला गोट लावावा, असं खुद्द देवाने सांगितलंय हे ऐकल्यावर त्या उठूनच उभ्या राहिल्या. “बघा! देवाला कळतं की गळ्यापाशी ताण येतो. आमच्या युनिटच्या मालकाला अठरा वर्षांत कळलं नाही.” सगळे हसले. मी हसलो नाही, कारण त्या गोटाचा मी काढलेला खोल अर्थ पुढच्या पानावर होता.

आणि एक प्रश्न. मुख्य याजक आत जाताना छातीवर बारा रत्नं घालायचा आणि प्रत्येक रत्नावर इस्राएलच्या एकेका वंशाचं नाव कोरलेलं असायचं. सगळ्या लोकांना तो असा छातीवर घेऊन आत जायचा. एस्तेरबाईंनी विचारलं, “त्यातला एखादा खडा निखळून पडला तर? आत गेलेल्याला कळणार कसं?”

“फार छान प्रश्न. पुढच्या मंगळवारी घेऊ,” मी म्हणालो. उत्तर येत नसलं की प्रश्न फार छान असतो. पुढच्या मंगळवारी मी खुंट्यांवर होतो.

तेराव्या मंगळवारी मला कल्पना सुचली. शुभ शुक्रवारच्या उपासनेत व्यासपीठावर खराखुरा पडदा लावायचा. निळा, जांभळा, किरमिजी. मी प्रवचन करायचं आणि बरोबर तीन वाजता, ख्रिस्ताने प्राण सोडला त्या वेळी, पडदा वरून खालपर्यंत फाडायचा. फाडणार अर्थातच मी. एस्तेरबाईंच्या मशीनपाशी गेलो आणि सांगितलं, “मधोमध जोड द्या, पण कच्ची शिलाई घाला. जरा ओढलं की उसवली पाहिजे.”

त्या कोणाच्यातरी पँटची चेन काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “तो असली पडदा फाटण्यासाठी शिवला होता का?”

“नाही, पण इथे आपल्याला फक्त दाखवायचंय ना.”

“मी उसवण्यासाठी कधी शिवलं नाही सर. गिऱ्हाईक शिव्या घालतं.”

“इथे गिऱ्हाईक मी आहे.”

“बरं, बघते,” त्या म्हणाल्या. हे ‘बघते’ म्हणजे होकार नव्हे, हे मला कळायला हवं होतं. तीन आठवडे त्यांनी त्या पडद्यावर काम केलं. आदल्या दिवशी पडदा आणून दिला तेव्हा हॉलमधले सगळे भोवती जमले, इतका तो देखणा होता. त्या मला म्हणाल्या, “उलट बाजू बघून घ्या सर.” मी तेव्हा भाषणातला ‘आणि तेव्हा...’ कुठल्या पट्टीत म्हणावा याची तालीम करत होतो. “विश्वास आहे हो तुमच्यावर,” म्हणालो.

शुभ शुक्रवारी हॉल भरला होता. तीनला एक मिनिट असताना मी ‘आणि तेव्हा...’ म्हणालो, पडद्याची कड दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. मग एक पाय भिंतीला लावून ओढली. पडद्याचा एक धागा हलला नाही, पण ज्या लोखंडी पाइपवर तो टांगला होता तो पाइप हलला. तीन वाजून एक मिनिटाने पाइप, पडदा आणि मी एकत्र खाली आलो. मी आत गुंडाळला गेलो होतो. बाहेर पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत सुरू केलं. आतून मला तिसरं कडवं ऐकू आलं तेव्हा कोणीतरी माझे पाय शोधून काढले.

कपाळावर टेंगूळ घेऊन मी एस्तेरबाईंना शोधत स्वयंपाकाच्या खोलीत गेलो. फार चिडलो होतो. “मी कच्ची शिलाई सांगितली होती!”

“मी दुहेरी घातली. तिच्यावर आणखी पट्टी. उलट बाजू बघितली असती तर दिसली असती.”

“वाट लावलीत तुम्ही माझी!”

“सर, कच्ची असती तर तुम्हीसुद्धा फाडला असता,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मग देवानं फाडला, यात विशेष काय राहिलं? माणसाच्या हातानं फाटणार नाही असा होता म्हणून तर ती गोष्ट एवढी मोठी.”

माझ्या तेरा मंगळवारांत एवढं नेमकं वाक्य एकही नव्हतं, हे मला तिथल्या तिथे कळलं. म्हणून मी आणखी चिडलो. “पण आज लोकांनी काय पाहिलं? पडदा जसाच्या तसा! वाट बंदच!”

“माझ्यासाठी ती कुठे उघडली होती?” एस्तेरबाई म्हणाल्या. रागाने नाही. चेन खराब झालीय, बदलावी लागेल, अशा सुरात.

मला वाटलं त्या काहीतरी आध्यात्मिक बोलतायत. मी चेहरा गंभीर केला आणि म्हणालो, “आपल्या प्रत्येकाच्या मनात असा एक पडदा असतो.” “मनात नाही सर, या हॉलमध्ये,” त्या म्हणाल्या. मग सगळं सांगितलं.

सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी परबांशी लग्न केलं. परब मालवणकडचे, हिंदू, माहुलला फिटर. कोर्टात लग्न झालं. मंडळीबाहेर लग्न केलं म्हणून पंचांनी त्यांना शिस्तीखाली ठेवलं, म्हणजे प्रभुभोजनाला यायची बंदी. आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षरस घेतात. ख्रिस्ताच्या मेजाशी सगळ्यांनी एकत्र यायची ती वेळ. बंदी सहा महिन्यांची होती. पाचव्या महिन्यात तेव्हाच्या पाळकसाहेबांची बदली झाली. नव्यांना कोणी सांगितलं नाही, एस्तेरबाईंनी विचारलं नाही. “मला घ्या हो, असं आपणहून कसं म्हणायचं? ज्यांनी बाहेर काढलं त्यांनीच बोलवायला हवं ना?” मेजावरचं पांढरं कापड निघालं की त्या उठायच्या आणि या खोलीत येऊन सगळ्यांसाठी चहा टाकायच्या. सव्वीस वर्षं.

तो चहा मी अकरा वर्षं पीत होतो. प्रभुभोजन संपताच वाफाळता चहा समोर येतो म्हणून एका वार्षिक सभेत मी आमच्या शिस्तबद्ध नियोजनाचं जाहीर कौतुकही केलं होतं. टाळ्या झाल्या होत्या. आणि दर रविवारी फाटकाशी स्कूटरवर बसून पेपर वाचणारे जे गृहस्थ, ते परब. मी त्यांना कारखान्याचे वॉचमन समजून चालत होतो. दिवाळीला एकदा मिठाईचा पुडाही दिला होता. त्यांनी तो हसून घेतला होता.

घरी न जाता मी मंडळीचं कपाट उघडलं. सव्वीस वर्षांपूर्वीचा ठराव सापडला. सहा महिनेच लिहिले होते. पण खरी गोष्ट पुढे होती. दरवर्षी सेक्रेटरी नव्या वहीत सभासदांची यादी उतरवतो आणि शेवटी ‘शिस्तीखालील सभासद’ असा एक रकाना असतो. त्यात एकच नाव. माझ्या आधीच्या सेक्रेटरींनी ते उतरवलं होतं, आणि गेली अकरा वर्षं मी. अकरा वह्यांत, माझ्या त्या सुंदर अक्षरात, एस्तेरबाईंचं नाव. एका वर्षी तर खाली लाल शाईने रेघ मारली होती, मोजपट्टीने. मी ते नाव वाचलंच नव्हतं. नुसतं उतरवलं होतं. निखळलेल्या खड्याबद्दल विचारताना त्या कोणाविषयी बोलत होत्या ते मला तेव्हा कळलं, आणि त्या कपाटासमोर बसून मला रडू आलं.

पण मी सेक्रेटरी. रडून झाल्यावर नियम काढले. शिस्तीतून परत घ्यायचं तर संबंधित व्यक्तीने पश्चात्ताप व्यक्त करणारा अर्ज द्यावा. मी स्वत:च तो लिहून काढला, म्हणजे एस्तेरबाईंना त्रास नको. उपकार करत असल्याच्या थाटात त्यांच्या मशीनपाशी नेऊन ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

“परबांशी लग्न केल्याचा मला पश्चात्ताप झाला, असं लिहिलंय तुम्ही.”

“फक्त शब्द आहेत हो. फॉर्मॅलिटी.”

“ते चहात साखर फार घालतात, तेवढा पश्चात्ताप आहे. तो लिहा.” मग त्यांनी कागद उलटा केला. “मागे काहीच नाही?”

“मागे काय असणार?”

“सहा महिन्यांची सव्वीस वर्षं कोणी केली ते. ते मी थोडंच लिहायचं? ते मंडळीनं लिहायचं.” त्यांनी अर्ज माझ्या हातात दिला आणि मशीनचं पायडल मारायला सुरुवात केली. “नाही झालं तरी चालेल सर. सवय झालीय.” पण सुई कापडावर नव्हती, नुसतीच वरखाली होत होती.

पंचांच्या सभेत मी तो कागद उलटा ठेवला. कोऱ्या बाजूवर मीच लिहिलं होतं की चूक मंडळीची झाली, मंडळीला तिचा खेद आहे आणि मंडळी एस्तेरबाईंना मेजाशी बोलावते आहे. आमचे सर्वांत जुने पंच, साळवेकाका, म्हणाले, “सर, मंडळी अशी माफी मागायला लागली तर शिस्त राहील का?”

“काका, मी तेरा मंगळवार काय सांगत होतो?”

“खरं सांगू? मी सातव्यानंतर आलोच नाही.”

“मग थोडक्यात सांगतो,” मी म्हणालो. “पडदा देवाने फाडला. आपण तो पुन्हा शिवून घेतला, आणि टाके मी घातलेत. अकरा वर्षं. हे माझं अक्षर.” आणि वह्या समोर मांडल्या. काकांनी त्या एकेक करून उघडल्या. पाळकसाहेब वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत. त्यांनी पेन काढून आधी सही केली. शेवटची सही काकांची. “हे लग्न मोडावं म्हणून समजवायला मी गेलो होतो त्यांच्या घरी,” ते पुटपुटले. “परबांनी मला जेवू घातलं होतं.”

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार. पाळकसाहेबांनी कागद वाचून दाखवला, सगळ्यांनी मागे वळून पाहिलं, आणि शेवटचा बाक रिकामा होता. मेजावरचं कापड निघालं होतं ना! मी उठलो आणि स्वयंपाकाच्या खोलीत गेलो. एस्तेरबाई गॅससमोर उभ्या होत्या. कागद वाचलेला त्यांना दारातून ऐकू आला होता. पदर तोंडाशी धरला होता.

“चला,” मी म्हणालो.

“दूध ठेवलंय.”

“मी बघतो दुधाकडे.”

“तुम्हाला जमेल?”

“त्यात काय!” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा दूध तापवत होतो.

त्यांनी हात पुसले. पदराच्या टाचण्या काढून खिडकीत ठेवल्या. दारापाशी गेल्या आणि थांबल्या. “सर, ओळीत उभं राहायचं असतं की बसूनच घ्यायचं? विसरले.”

“उभं राहायचं,” मी म्हणालो. त्या आत गेल्या.

दूध उतू गेलं. मी ज्योत कमी करायच्या ऐवजी मोठी केली. जळका वास फाटकापर्यंत गेला असावा, कारण परब धावत वर आले. “सर, सर, आधी बंद करा तां!” त्यांनी गॅस बंद केला, फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागले. मी त्यांची माफी मागायचं ठरवलं होतं, शब्दही जुळवले होते, पण तोंडातून एवढंच निघालं, “मी तुम्हाला वॉचमन समजत होतो.”

“माका म्हायत आसा,” परब म्हणाले. “मिठाई बरी होती.”

आणि मग आतलं सगळं थांबलं. गाणं थांबलं, पावलं थांबली. पाळकसाहेबांनी ताट झाकायला कापड उचललं असणार, कारण एस्तेरबाईंचा आवाज आला. सव्वीस वर्षांत त्या मेजाजवळून त्यांचा आवाज कधी आला नव्हता.

“झाकू नका, पाळकसाहेब. एक माणूस बाहेर राहिलंय.”

मी आजूबाजूला पाहिलं. परब तर कधी आत जात नसत, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नसे. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. हाताला सायीचा चिकटा, कपाळावर टेंगळाचा डाग, मी तसाच उभा होतो. परबांनी माझ्या हातातली सांडशी काढून घेतली. “जावा तुमी. माझी बायल बोलवता.”

शंभरावर वेळा मी त्या मेजाशी गेलो असेन. कोण बाहेर राहिलंय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. एस्तेरबाईंनी ते पहिल्याच दिवशी विचारलं, आणि बाहेर राहिलेला माणूस मी होतो.